कुलपातलं सूक्ष्मदर्शक यंत्र
परवा रक्त तपासून घ्यायला गेले, तेव्हा स्पिरिटच्या वासानं टेंभुर्णीजवळच्या, मी शिकवलेल्या पहिल्या शाळेतलं प्रयोगाच्या सामानाचं कपाट आठवलं. दहावीचा नवा अभ्यासक्रम आला होता. मुलांनी प्रयोग स्वतःच्या हातानं करायचे, म्हणून शाळेला सूक्ष्मदर्शक यंत्र मिळालं. फुटेल या भीतीनं मी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं. एका मेंढपाळाची मुलगी रोज विचारायची, "बाई, कांद्याचा पापुद्रा बघू की." मी म्हणायची, "उद्या." मग तपासणीला साहेब आले. मुलांनी काय सांगायचं ते मी आधीच पढवलं होतं. साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं, "यातून काय पाहिलंस?" ती म्हणाली, "काय न्हाय, सायेब. कपाटाला कुलूप असतंय." मी घाईघाईनं म्हणाले, "मेंढरांमागं जाते, साहेब. प्रयोग दाखवला त्या दिवशी आली नसेल." वर्षभरात तिचा एकही दिवस चुकला नव्हता. ती माझ्याकडं बघत खाली बसली. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, पापुद्रा लावला आणि आधी तिला बोलावलं. तिनं डोळा लावला, "बगितलं, बाई," एवढंच म्हणाली आणि जागेवर गेली. पुढं मी कित्येक मुलांना प्रयोग करू दिले, कौतुकही झालं. पण मी खोटं बोलले, हे त्या वर्गासमोर कधीच कबूल केलं नाही.