शेजारच्या खाटेवरच्या खुणा

वर्षभर माझे टॉन्सिल्स सारखे सुजत होते. ताप यायचा, साधं पाणी गिळतानाही डोळे भरून यायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता काढूनच टाकू." सोलापुरातल्या त्या दवाखान्यात त्याच सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईचेही टॉन्सिल्स काढले. तिचं नाव मला कळलंच नाही. आम्हा दोघींनाही बोलायला बंदी होती.

घोट घेतला की घशातली कळ थेट कानात जायची. मी कानाला हात लावला, तर आमच्या यांना वाटलं, मला ऐकू येत नाही. ते आणखी मोठ्यानं बोलू लागले. तिकडे तिनं नुसती दोन बोटं हलवली आणि नवऱ्यानं थंड दूध पुढे केलं. तिनं तळहात उलटा केला, त्यानं उशी सरकवली. मग तिनं भुवई उडवली आणि तो चक्क हसला. तिनं काय विनोद केला, देव जाणे! मी कूस बदलली, तरी कान तिकडेच होते.

यांनी त्याला विचारलंच, "तुम्हाला कळतं कसं हो?"

"टॉवेलच्या कारखान्यात हाय की आमी दोघं," तो म्हणाला. "मागांच्या खडखडाटात कुणाचं ऐकू येतंय? आमचं लग्नच खुणांवर जमलं."

मी वळून पाहिलं, तर ती लाजून हसत होती. मला तिचं ते हसू बघवेना.

काही दिवसांनी माझा आवाज परत आला. "आता बरं वाटतंय ना?" यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्या दोघांचा हेवा वाटला होता, हे मात्र बोलता येत असूनही सांगता आलं नाही.