लंगड्या पाखराचा पाठलाग

पंचाहत्तर-शहात्तर साल असावं. अण्णा सुभेदार होऊन लष्करातून निवृत्त झाले आणि येताना एक जुना तंबू अन् दुर्बीण घेऊन आले. मे महिन्यात त्यांनी घरात जाहीर केलं, "आपण कोकणात समुद्रावर जायचं. तंबूत राहायचं आणि पक्षी बघायचे."

वडूजमधल्या आमच्या शेजारीणबाई आईला म्हणाल्या, "आवं, घरात ढेकणं झाल्यात व्हय?"

एसटीनं घाट उतरून आम्ही चौघं पोचलो. अण्णा, आई, आत्या आणि दहा वर्षांची मी. आत्या अण्णांची थोरली बहीण. सगळा जन्म माळावर मेंढरं राखण्यात गेलेला. तिनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढं पानी, आन् पिता येत न्हाई!"

किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्या होत्या. सुरूच्या झाडांचा आडोसा बघून अण्णांनी अंधार पडता पडता तंबू ठोकला. सकाळी उजाडल्या उजाडल्या त्यांनी मला आणि आईला वाळूत पालथं झोपवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. आत्यानं साफ नकार दिला. "मी काय मगर हाय?" असं म्हणून ती तंबूच्या दारात पान जुळवत बसली.

एवढ्यात अगदी जवळून एक पाखरू निघालं. चिमणीहून जरा मोठं, वाळूच्याच रंगाचं. एक पंख लोंबत होता आणि ते फरफटत चाललं होतं.

"जखमी हाय बिचारं!" अण्णा उठले आणि टोपी घेऊन त्याच्यामागं धावले. ते हातभर अंतरावर गेले की पाखरू थोडं पुढं सरके. आईही पदर खोचून धावली. तिच्यामागं मी. एक टेकडी चढलो, दुसरी उतरलो. शेवटी अण्णांनी झेप घेतली, ती थेट वाळूत तोंडावर. त्याच क्षणी पाखरू दोन्ही पंख पसरून झकास उडालं.

परत आलो तर आत्या हसून हसून डोळे पुसत होती. "आरं, फशिवलं की तुला! आपल्या माळावरची टिटवी न्हाई का अशीच लंगडायची, मेंढरं अंड्यांजवळ गेली की? फौजंत जाऊन समदं इसरलास. आता जपून पाय टाका. अंडी हितंच हायत."

अंडी तंबूच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर होती. वाळूच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची तीन.

अण्णांचा चेहरा उतरला. "तंबू उठवा," ते हळूच म्हणाले.

पन्नास पावलांवर दुसरी जागा मिळाली, पण तिथं आडोसा नव्हता. तीन दिवस भाकरीत उडालेली वाळू कचकचत होती. तक्रार मात्र कुणी केली नाही, कारण दुर्बिणीतून ते पाखरू अंड्यांवर बसलेलं दिसायचं. पाळ्या लावून आम्ही पाहत होतो. सगळ्यांत लांब पाळी आत्याचीच असे. निघायच्या सकाळी तिनं मला हाक मारली. काडीसारख्या पायांवर दोन पिल्लं वाळूतून तुरूतुरू पळत होती. तिसरं अंडं तसंच होतं.

घरी आल्यावर अण्णांनी पलटणीतल्या मित्राला पत्र लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. त्यात पक्षी होते, लाटा होत्या, पिल्लं होती.

आत्या म्हणाली, "आन् तू तोंडावर पडलास ते रं?"

अण्णांनी पुन्हा पेन उघडलं.