पिठाचा अंगठा

गाणी ऐकायचं एक अ‍ॅप मी बनवलंय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोडसुद्धा सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. त्याबद्दल रोज शिव्या खातो. परवा एकाने लिहिलं, ‘बटणं मोठी करा, डोळे फुटलेत का?’ फुकटचं वापरायचं आणि वर हा माज! मीही खाली ठोकून दिलं, ‘बटणं ठीक आहेत, तुमची बोटं तपासा.’

आज दळण आणायला गेलो, तर गिरणीत फळीवरच्या फोनवर माझंच अ‍ॅप चालू होतं. छाती फुगली. तेवढ्यात भजन संपून भलतंच काहीतरी किंचाळायला लागलं. गिरणीवाल्या काकांनी थांबवायला अंगठा टेकवला. अंगठा पिठाने पांढरा, बटण ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यांनी अंगठा लेंग्याला पुसला, पुन्हा दाबला. गाणं थांबेना.

"ज्याने हे बनवलंय ना," काका वैतागून म्हणाले, "त्याने जन्मात हाताने काम केलेलं नाही."

वापरणारा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कायम मीच असायचो, पंख्याखाली बसलेला, हात धुतलेला. कणीक मळणारी, ग्रीस लागलेली, मेंदी वाळवणारी माणसं गाणी ऐकतात, हे कधी सुचलंच नाही. तरीही काकांचा रागच आला.

घरी आलो, डबा ठेवला आणि परवाचं ते ‘बोटं तपासा’वालं उत्तर काढून टाकायला फोन उघडला. तीनदा दाबलं, निघेना. बघतो तर माझा अंगठा पिठाने पांढरा झालेला.