कायम न झालेलं इतिवृत्त

माझी बायको गेल्यानंतर नवव्या दिवशी तिच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष आमच्या बोरीवलीच्या घरी आले. "भावोजी, आमचा आधारस्तंभ गेला," असं म्हणून ते तिच्याच खुर्चीत बसले. पाणी प्यायले, तिच्या फोटोकडे बघून मान हलवली. मग थेट विषयावर आले.

"बाईंकडे संघटनेच्या वह्या होत्या. इतिवृत्ताच्या. वर्धापनदिनाची स्मरणिका काढतोय. इतिहास लिहायचाय ना."

"शोधतो," मी म्हणालो.

शोधायची काही गरज नव्हती. सहाही वह्या माझ्याच कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या. पण त्या माणसाला हव्या तेव्हा हवी ती वस्तू मिळावी, हे मला त्या क्षणी सहन होण्यासारखं नव्हतं. आजही नाही.

ती अंधेरीला महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची आणि चौदा वर्षं संघटनेची चिटणीस होती. सभेत कोण काय बोललं ते वहीत लिहायचं आणि पुढच्या सभेत वाचून दाखवायचं, हे तिचं काम. मग एक सभासद सूचक म्हणून सही करतो, दुसरा अनुमोदक म्हणून, आणि इतिवृत्त कायम होतं. तोवर ते नुसतं एका बाईचं हस्ताक्षर. शेवटच्या वहीतलं शेवटचं इतिवृत्त कायम झालेलं नव्हतं. ते कायम होईपर्यंत ती पुढचं लिहिणार नव्हती. दोन वर्षं ती प्रत्येक सभेत ते वाचायला उभी राहायची आणि अध्यक्ष म्हणायचे, "ते पुढच्या वेळी घेऊ."

मी सगळ्या वह्या वाचून काढल्या. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, वाचण्याखेरीज दुसरं काही येत नाही. पहिली वही तिच्या आधीच्या कुणा गुरुजींच्या दौतीच्या शाईतली आहे. एका शाळेत बायकांना स्वच्छतागृह नव्हतं, तर ते होईपर्यंत एकही शिक्षक हजेरीपटावर सही करणार नाही, असा ठराव तिथे आहे. बाळंतपणाची रजा नाकारलेल्या एका बाईसाठी चाळीस जण कार्यालयाच्या जिन्यावर दिवसभर बसले होते. त्या माणसांना मी नमस्कार करतो. पुढच्या वह्यांत 'मागणी' हा शब्द मागे पडून 'विनंती' येते. पाचव्या वहीत सत्कारच सत्कार. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध निदर्शनं करायची, त्याच्याच गळ्यात हार. वही वाचताना मला हाराचा वास आल्यासारखं झालं.

आणि सहावीचं शेवटचं इतिवृत्त. तेव्हा पटसंख्या घटली म्हणून दोन मराठी शाळा बंद करायचं घाटत होतं, त्यातली एक मरोळची. सभासदांना वाटत होतं, संघटना रस्त्यावर उतरेल. अध्यक्षांनी सभेत सांगितलं की आपण विरोध करायचा नाही. बदल्यात पदाधिकाऱ्यांना आहे त्या शाळेतून कोणी हलवणार नाही, असं तोंडी आश्वासन मिळालं आहे. मरोळच्या एका बाईंनी विचारलं, "आणि आम्ही अतिरिक्त ठरलो तर?" अध्यक्ष म्हणाले, "बघू."

ती संध्याकाळ मला आठवते. घरी येऊन ती चप्पल न काढताच लिहायला बसली. रात्री जेवताना अध्यक्षांचा फोन आला.

"बाई, ते 'बघू' काढा. 'योग्य तो निर्णय घेण्यात येईल' असं घाला."

"तुम्ही तसं म्हणाला नाहीत, सर."

"अहो, पण अर्थ तोच ना?"

"अर्थ तोच असेल तर 'बघू' राहू दे की."

फोन ठेवून ती हसली आणि भाताकडे बघत बसली. मी म्हणालो, "छान ठणकावलंस." ती म्हणाली, "डोंबलाचं ठणकावलं. सभेत हात वर करायचा होता तेव्हा खाली बघून लिहीत बसले. मीही पदाधिकारीच आहे. माझी शाळा वाचली."

मरोळच्या बाईंना मुलुंडला पाठवलं. दोन लहान मुलं घरात, रोज शहर आडवं कापून जायचं. माझी बायको अंधेरीतच राहिली. दवाखान्यातल्या शेवटच्या महिन्यात ती याच एका गोष्टीबद्दल बोलायची. "ते कायम झालं पाहिजे हो. आहे तसं. माझ्यासकट." मी हो म्हटलं होतं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो.

अध्यक्षांचा पुन्हा फोन आला. "शेवटची वही तरी आधी पाठवा. स्मरणिकेचं काम अडलंय." मी म्हणालो, सगळ्या वह्या शोकसभेत आणतो. ते एवढे खूश झाले की आवाजच बदलला. "उत्तम! व्यासपीठावरच स्वीकारू. फोटोही होईल."

शोकसभा घाटकोपरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. भाषणं झाली. तिला 'झुंजार' म्हणाले, 'मनमिळाऊ' म्हणाले. एकाने तर चुकून भाषणात तिला मुलुंडच्या शाळेत शिकवायला लावलं. मग मला बोलावलं. पाच वह्या मी टेबलावर ठेवल्या आणि सहावी उघडली. म्हणालो, "माझ्या पत्नीचं एक काम राहिलंय. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे." आणि वाचायला लागलो.

मरोळच्या शाळेचा उल्लेख येताच अध्यक्ष उठले. त्यांनी माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढला.

"भावोजी भावनेच्या भरात आहेत. आपण आता दिवंगत बाईंना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. पंखे बंद केले होते. माझ्या बायकोच्या नावाने पाळलेली शांतता माझं तोंड बंद करायला वापरली, याहून हलकं काम त्या माणसाने केलं असेल तर मला माहीत नाही. मी क्षणभर थांबलोही. अशा वेळी बोलू नये, हे रक्तातच असतं. मग वाटलं, ही स्तब्धता जिच्यासाठी आहे तिचीच वही वाचतोय. मी माईकशिवाय वाचत राहिलो. आवाज लहान आहे माझा, पण एवढं शांत सभागृह मला एरवी मिळालं नसतं. कोणाला अडवता येईना, कोणाला बसता येईना. 'बघू' वाचलं. तोंडी आश्वासन वाचलं.

शेवटची दोन वाक्यं राहिली. ती वाचायची की नाही, हे मी घरून निघताना ठरवलेलं नव्हतं. गेलेल्या बायकोची लाज चारचौघांत कोण उघडी करतं? पण ती माझी नव्हती, लपवायला. वाचली. 'विरोध कोणीही नोंदवला नाही. चिटणीसांनीही नाही.'

"ओम शांती," अध्यक्ष घाईने म्हणाले. "खाली बसा. चहाची व्यवस्था मागे आहे."

"सूचक कोण?" मी विचारलं. लोक चहाकडे निघाले होते. मागच्या रांगेतून एक बाई खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या. मरोळच्या, आता मुलुंडच्या.

"अहो बाई, ही शोकसभा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मग? आम्हाला हाकललंत ती काय सहल होती?" त्या त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या मिसेसनी हात वर केला नव्हता, ते मी समोर बसून बघितलंय. पण तसं लिहून ठेवलंय हे माहीत नव्हतं." वही स्वतःकडे ओढली. "म्हणून माफ केलं असं समजू नका. पेन आहे?"

मी पेन दिलं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि चहा न घेता गेल्या. वही मी घरी परत आणली. अनुमोदक अजून मिळालेला नाही. स्मरणिका त्या वहीशिवाय निघाली.