दादाच्या सायकलचं वजन

सकाळी वहिनीचा फोन आला, "नलूताई, हे गेले..." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "सायकलवर?" "नाही हो, पलंगावर. झोपेतच." तेरवीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं तेच काढलं. हृदय नाजूक, आणि या वयात ते सायकलचं खूळ! असा संताप आला म्हणता मला! म्हणून हे लिहून राहिले. माझ्या दादाला सायकलनं मारलं नाही, एवढं तरी सगळ्यांना कळू द्या.

दादा जन्मभर जबलपुरात फॅक्टरीत होता. रिटायर झाल्यावर हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण चढावर छातीला ताण नको. झालं! वाकड्या हँडलची आपली जुनी रेसिंग सायकल काढून तो तिला मोटर लावायला बसला. पूर्वीसारखं बरगीच्या धरणापर्यंत जाऊन यायचं होतं त्याला. शिवाय परत आल्यावर सायकल स्वतःच उचलून विजय नगरच्या त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायची होती, आणि लिफ्टचा पत्ता नाही. "खाली ठेव ना," मी म्हटलं. "काहून? जी मला उचलता येत नाही, ती माझी सायकल कशी?"

पहिली सायकल अस्सल फॅक्टरीवाल्याची झाली. या लोकांची सवयच, लागेल त्याच्या दुप्पट मजबूत करायचं. मोटर दणकट, तिला पुरेल म्हणून बॅटरी मोठी, आणि बॅटरी पेलायला लोखंडी कॅरिअर. पळायची भन्नाट! पण जिन्याच्या पहिल्याच वळणावर दादा तिला भिंतीशी टेकवून हाशहुश करत उभा राहिला. शेजारचे मिश्राजी धावले, "भैया, हम उठा दें?" "नहीं जी, रहने दीजिए." दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं खोललं. मग मोटर लहान आणली, फक्त चढावर हात देणारी. सपाटीवर पाय मारायचे ते आपणच. बॅटरी पाण्याच्या बाटलीएवढी, बाटलीच्याच जागी बसवलेली. पण मोटरनं किती जोर द्यायचा म्हणजे एवढीशी बॅटरी बरगीहून परत येईपर्यंत पुरेल, हे जमेना. वाटेत ती संपली की टेम्पोत सायकल घालून यायचा, चेहरा हा एवढासा. वहिनी चिडायची, मी चिडायची. "बस कर रे आता!" "थांब गं, जमून राहिलं..." आणि जमलं की! एका दुपारी बरगीहून फोन, "नलू, पाणी दिसून राहिलं!" संध्याकाळी खांद्यावर सायकल घेऊन जिना चढला, तेव्हा वहिनीनं त्याला दारातच ओवाळलं. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

तिथं थांबावं की नाही? पण वजन कमी करायचं त्याचं काही थांबेना. स्टँड गेला, मडगार्ड गेले, मग आणखी लहान बॅटरी आली. "हिच्यावर बरगी कसं होईल?" मी विचारलं. "अलीकडचा तिलवारा घाट होतो ना. तिथला चहा चांगला आहे." पुढे तिलवाराही सुटला. मग तो जबलपुरातच, गोरखपूर मोहल्ल्यात माझ्याकडे यायचा, पोहे खाऊन परत जायचा. मोठी मोटर लाव म्हटलं की नुसता हसायचा. हौस आहे, मी म्हणायची, चलो, करू दे.

परवा वहिनी म्हणाली, "नलूताई, घेऊन जा हो ही, मला बघवत नाही." बाल्कनीत टेकवून ठेवली होती. उचलायला म्हणून मी कंबर कसून, दोन्ही हातांनी चांगला जोर लावला, आणि ती झटकन वर आली... माझ्यासारख्या गुडघे धरून चालणाऱ्या बाईला एका हातात पेलली. खूप रडले. माझ्या दादाच्या हातांत शेवटी एवढंच बळ उरलं होतं. कुणाला एका शब्दानं बोलला नाही. त्या बळाला झेपेल अशी सायकल करत गेला, आणि अखेरच्या दिवसापर्यंत स्वतःच वर घेऊन आला.