लग्नाचे कपडे

ताईने उत्तनच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी काही दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका रविवारी स्वतःच जाऊन आमच्या घराजवळचा, केबिन रोडवरचा हॉल ठरवून आले. आई आधीच वारली होती. "पोरीला चोरासारखी नाही पाठवणार," एवढंच ते मला म्हणाले. रत्नागिरीला जाऊन घरोघर पत्रिका दिल्या, परळच्या जुन्या शेजाऱ्यांनाही दिल्या.

सकाळी रजिस्टर लग्न झालं आणि दुपारी हॉलवर जेवण होतं. मुलाकडची माणसं वेळेवर आली, नटूनथटून, म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यांत. आमच्या बाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या. शेवटी आत्याचा फोन आला. मोठ्या काकांनी गावाकडे आणि परळलाही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जो जाईल त्याचा काकांशी संबंध संपला. आत्या रडत होती, पण ती येणार नव्हती.

बाबांनी फोन खिशात ठेवला. पलीकडे व्याही बसले होते आणि मुद्दाम आमच्या खुर्च्यांकडे बघत नव्हते. बाबा जिना उतरून रस्त्यावर गेले, मी मागोमाग. त्यांनी इस्त्रीवाल्याला बोलावलं, नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना बोलावलं. गल्लीत स्टीलची भांडी पॉलिश करायचा कारखाना होता, तिथल्या कामगारांची जेवणाची सुट्टी झाली होती. बाबा त्यांनाही म्हणाले, "चलो, मेरी बेटी की शादी है. सब लोग खाना खाके जाओ."

"ऐसे ही?" एकाने आपल्या कपड्यांकडे बघत विचारलं.

"ऐसे ही. कपड़े कौन देखता है."

मला त्या क्षणी बाबांचा फार अभिमान वाटला. हॉल भरला. कामगारांनी हात-तोंड धुतलं होतं, तरी पॉलिशची काळी भुकटी पापण्यांत आणि कानांत राहतेच. दोघं-तिघं लाजून मागच्या टेबलावर बसले. ज्याने कपड्यांचं विचारलं होतं, तो जागा नव्हती म्हणून पुढे बसला. ताईने स्वतः उठून त्याच्या पानात जिलेबी वाढली.

आणि मग मोठे काका आले. एकटेच, पांढऱ्या शर्टात, आहेराचं पाकीट न घेता. इतरांना बंदी घालून स्वतः का आले, ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा आमची फजिती बघायला. बाबा धावत पुढे झाले, वाकून नमस्कार केला. काकांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि पुढे बसलेल्या त्या काळ्या झालेल्या माणसावर थांबवली. "हे कोण तुझे पाहुणे?" ते म्हणाले.

बाबा वळले. त्या माणसाच्या दंडाला धरून म्हणाले, "तुम अंदर कैसे आए? ऐसे कपड़ों में? ये शादी का हॉल है."

आपणच बोलावलंत, एवढं तो म्हणाला असता तरी पुरलं असतं. त्याने हातातला घास पानात ठेवला, पान नीट मुडपलं आणि निघून गेला. मी खाली पळत जाऊन त्याला हाक मारली. तो वळला नाही. वर आले तेव्हा काका त्याच्याच खुर्चीवर बसले होते आणि बाबा त्यांना पुरी वाढत होते.

दोनेक वर्षांनी ताईच्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी मी उत्तनच्या चर्चमध्ये गेले. बाबा गुडघ्याचं निमित्त करून आलेच नाहीत. त्या दिवशी फादरनी येशूचा एक दाखला वाचला. राजाच्या मुलाचं लग्न असतं, बोलावलेले येत नाहीत, म्हणून राजा रस्त्यावरची माणसं गोळा करून आणवतो. मग त्यातला एक लग्नाच्या कपड्यांशिवाय दिसतो आणि राजा त्याला हातपाय बांधून बाहेर अंधारात टाकायला सांगतो. त्या माणसाला काही बोलता येत नाही. फादर समजावून सांगत होते की कपडे म्हणजे शुद्ध अंतःकरण. आणि त्या काळी यजमानच दारात कपडे द्यायचा, तेव्हा चूक त्या माणसाचीच. आमच्या हॉलच्या दारात फक्त गुलाबपाणी होतं.

माझ्या शेजारी ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मावशी, त्या राजाला पाहुणे नको होते. त्याला फक्त खुर्च्या भरायच्या होत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी त्याही हॉलमध्ये होत्या. "तसा अर्थ न्हाय त्याचा," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरताना, "पन बोलली तां खोटां न्हाय."

घरी आल्यावर मी बाबांना सगळा दाखला सांगितला, एक शब्द न गाळता. कपड्यांच्या भागाला मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे काही हललं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं.

"बोलावलेले का आले नाहीत, ते दिलंय का?"

"कोणी शेतावर गेला, कोणी धंद्याला."

"मग कामं असतील त्यांना," बाबा म्हणाले. आणि गणपतीसाठी काकांकडे गावी न्यायची बॅग भरू लागले. काकांनी त्यांना बोलावलं नव्हतं.