बुटांचं कडवं

स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, रुआबांध्याच्या आमच्या गणपतीत त्या वर्षी पेटी घेऊन एकटाच गाणारा एक विनोदी कलाकार आला होता. त्यानं प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसावर गाणं म्हटलं. तो माणूस सवयीनं पहाटे उठतो, सेफ्टी शूज घालतो आणि अंगणात बसून राहतो, कारण जायचं कुठंच नसतं.

पोरं पोट धरधरून हसली. पुढच्या रांगेतले रिटायर काका मात्र भडकले. "आमची टिंगल करून राहिला हा," म्हणत ते खुर्च्या सरकवून उठले. मागून कोणीतरी ओरडलं, "अंकल, बैठ जाओ ना." मला हसणाऱ्यांचा आणि भडकणाऱ्यांचा, दोघांचाही राग आला. बाबाही रिटायर झाल्यावर बूट घालून अगदी असेच बसायचे, आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले होते. त्यांचे बूट अजून आमच्या दाराशीच होते.

मी म्हटलं, "चाल आई, घरी जाऊ."

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी आई बसल्या जागेवरून म्हणाली, "वन्स मोअर. ते बुटाचं अजून एकदा म्हना."

उठलेले काका उभेच राहिले. कलाकारानं ते कडवं पुन्हा म्हटलं, हळू आवाजात. या खेपेला कोणीच हसलं नाही.

फक्त आई हसली.